एकशे अकरा अंडी

कासवाची अंडी मोजताना बोलायचं नाही, हा काकांचा नियम. पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, भरती ओसरत असते, विजेरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद चिकटवलेला असतो आणि त्या लाल उजेडात दोन माणसं वाळूत गुडघे टेकून बसलेली असतात. एक जण खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालून अंडी काढतो, दुसरा ती बादलीत ठेवतो. दोघंही मनात मोजतात. शेवटचं अंडं निघालं की काका माझ्याकडे बघायचे. मी माझा आकडा सांगायचे, मग ते त्यांचा सांगायचे. जुळला तर पाटीवर लिहायचा, नाही जुळला तर नव्या खड्ड्यात ठेवताना परत मोजायचा. दर वेळी आधी मीच का सांगायचं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मी आधी बोललो तर तुमी माझाच आकडा बोलशाल."

त्या पहाटे दोघांचाही एकशे अकरा आला. इतक्या वर्षांनीही हे मला पक्कं आठवतं, कारण काकांनी पाटीवर खडूने एकापुढे एक तीन एकडे काढले आणि ते किनाऱ्यावरून रांगेत चाललेल्या तीन माणसांसारखे दिसले. मला हसू आलं होतं. पुढे दोन महिन्यांनी याच आकड्याने मला रडवलं. पण ते नंतर.

हल्ली ज्याला इंटर्नशिप म्हणतात त्याला आपल्याकडे एक जुना शब्द होता, उमेदवारी. निवडणुकांनी तो पळवला. त्याआधी उमेदवार म्हणजे कचेरीत, पेढीवर, छापखान्यात बिनपगारी किंवा नावापुरत्या पैशांवर राबणारा पोरगा. आज ना उद्या आपल्याला चिकटवून घेतील एवढ्या उमेदीवर तो सांगितलं ते काम करायचा. माझे आजोबा 'मी दोन वर्षं उमेदवारी केली' असं सांगायचे तेव्हा लहानपणी मला वाटायचं, ते दोनदा निवडणुकीला उभे राहिले आणि दोनदा पडले. मोठी झाल्यावर कळलं की ते एका वकिलाकडे नकला उतरवत होते.

मी तीन महिने उमेदवारी केली ती कासवांच्या दारात. पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम. एस्सी. करत होते, २०१४ साल होतं. शेवटच्या सत्रात कुठल्यातरी संस्थेत काम करून अहवाल द्यायचा असतो. वर्गातल्या बहुतेकांनी पुण्यातच सांडपाण्याचे नमुने तपासायचं ठरवलं. मला समुद्र हवा होता. खरं कारण सांगायचं तर मला पुणं नको होतं. किनाऱ्यावर कासवांचं काम करणाऱ्या एका संस्थेला मी ईमेल पाठवला, त्यात निसर्गावरचं माझं प्रेम दोन परिच्छेद भरून लिहिलं, आणि त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. मानधन नाही, राहायची सोय होईल, जेवणाचं गावात ठरवा. संस्थेचं नाव मी इथे लिहीत नाही, गावाचंही नाही. गाव लिहिलं तर काका ओळखू येतील.

पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, आंबेत, मंडणगड आणि तिथून पुढे आणखी एक एसटी. शेवटच्या थांब्यावर काका उभे होते. पन्नाशीचे, सडसडीत, गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी आणि डोक्याला मफलर. माझी बॅग त्यांनी उचलली. मी 'नको नको' म्हणाले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम, आज मी उचलतो. उद्यापासून तुमाला बादली उचलायचीच हाय."

कोकण किनाऱ्यावर या कामाची सुरुवात वेळासला झाली. मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटच्या खाडीजवळचं हे गाव तोवर नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून ओळखलं जाई. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची मंडळी समुद्री गरुडांची घरटी शोधत किनारे पालथे घालत होती. वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. गरुड शोधायला गेलेल्या माणसांना कासव सापडलं. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांनाच सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि २००६ मध्ये पहिला कासव महोत्सव झाला. पर्यटकाने गावातल्या घरात राहायचं, घरचं जेवायचं, सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्रात जाताना बघायची आणि पैसे त्या घराला द्यायचे. पुढे ही रीत किनाऱ्यावरच्या इतर गावांतही पोचली, वनखातं आलं, त्याचा खारफुटी सांभाळणारा कांदळवन कक्ष आला. प्रत्येक किनाऱ्यावर एक-दोन कासवमित्र नेमले गेले. काका त्यांतले एक.

त्याआधी काका अंडी खायचे. हे त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं, लपवाछपवी न करता. त्यांच्या बापानेही खाल्ली होती. घरात खाऊन उरली की बाजाराला जायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या कासवाला वाघाच्या रांगेत, पहिल्या परिशिष्टात बसवलेलं आहे, पण ते परिशिष्ट गावात कुणी वाचलं नव्हतं. मी थोड्या आगाऊपणाने विचारलं, देवळात शिरताना गाभाऱ्यासमोरच्या कासवाला हात लावून नमस्कार करता, मग याची अंडी कशी खाववली? काका जरा विचारात पडले. "तो दगडाचा," म्हणाले. "आनि तो अंडी कुठं घालतो?"

या खाण्यानेच त्यांना घरटं ओळखायला शिकवलं होतं. ऑलिव्ह रिडले ही या किनाऱ्यावर अंडी घालणारी कासवाची जात. तिची मादी रात्री वाळूवर येते तेव्हा तिच्या वल्ह्यांसारख्या पायांची दुहेरी नक्षी उमटते, छोटा ट्रॅक्टर गेल्यासारखी. जाण्याची एक, परतण्याची एक. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी घरटं. कुठेतरी म्हणजे नेमकं कुठे, हे मात्र कळत नाही, कारण अंडी घालून झाल्यावर ती सगळं अंग आपटून वाळू दाबते आणि आसपासची वाळू उधळून ठेवते. कधीकधी तर नुसतीच फिरून अंडी न घालता परत जाते. मी पहिल्या आठवड्यात अशा कोऱ्या नक्षीवर दीड तास खणत बसले होते. काका काठी घेऊन यायचे, दोन-चार ठिकाणी हलकेच टेकवायचे आणि एका जागी थांबायचे. काठी जिथे जास्तीची बोटभर आत जाते तिथे खालची वाळू सैल, म्हणजे तिथे घरटं. काठी दाबायची नाही, नाहीतर अंडं फुटतं. "हात हलका लागतो," ते म्हणायचे. "चोराचा हात असतो ना, तसा." आणि स्वतःच हसायचे.

खाली सुरईसारखा खड्डा असतो, तोंड अरुंद आणि पोट रुंद, दीडेक फूट खोल. आत टेबल टेनिसच्या चेंडूएवढी पांढरी अंडी, शंभर-सव्वाशे. कोंबडीच्या अंड्यासारखं कडक कवच नाही, बोटाने दाबलं तर खळगा पडतो असं चामड्यासारखं. अंडी घातल्यावर काही तासांत आतला गर्भ वरच्या बाजूच्या पडद्याला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं तर तो मरतो. म्हणून ज्या बाजूने उचललं त्याच बाजूने ठेवायचं, बादलीत तळाला त्याच घरट्यातली ओली वाळू घालायची, बादली हेलकावू द्यायची नाही आणि उजाडायच्या आत कुंपणातल्या जागेत तसाच, तेवढाच खोल खड्डा करून ती पुरायची. पाटीवर तारीख, वेळ, संख्या. मग वाट बघायची पन्नास-पंचावन्न दिवस. थंडी जास्त असेल तर आणखी थोडे.

वाळू किती तापते यावर आतली पिल्लं नर होणार की मादी हे ठरतं. साधारण एकोणतीस-तीस अंशांच्या अलीकडे नर, पलीकडे माद्या. मी जेव्हा हे काकूंना सांगितलं, तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. काकू म्हणजे काकांची बायको, माझी खानावळ त्यांच्याकडेच होती. हात न थांबवता म्हणाल्या, "म्हंजे उन्हाळा वाढला तर समद्या पोरीच?" म्हटलं, हो. "मग आदी सांगायचंत ना. मी चार मुलींसाठी बोलनी खाल्ली."

दिवस लवकरच एका ठशात पडले. चारला उठणे, तीन किलोमीटर किनारा जाऊन-येऊन चालणे, मिळालं तर घरटं हलवणे, नाहीतर कुत्र्यांना हाकलणे. पिल्लं बाहेर यायच्या दिवसांत टोपल्या उचलून बघणे. घरट्यावर बांबूची टोपली पालथी घातलेली असते, पिल्लं रात्री वाळू गार झाली की वर येतात आणि टोपलीखाली वळवळत बसतात. वर येण्याच्या आधी एक-दोन दिवस वरची वाळू वाटीसारखी खचते. हे मला पुस्तकात आधी वाचायला मिळालं होतं, पण खचलेली वाळू आणि नुसती वाऱ्याने उडालेली वाळू यांतला फरक काकांनी दाखवेपर्यंत कळला नाही. दुपारी मर्यादवेलीच्या पट्ट्यातून प्लॅस्टिक वेचणे. जाळ्यांचे तुकडे वेगळे, चपला वेगळ्या. चपला नेहमी एका पायाच्याच का येतात याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. आणि संध्याकाळी माझं खास काम. लॅपटॉप उघडून पाट्यांवरचे आकडे तक्त्यात भरणे. नेटवर्क फक्त विहिरीच्या कठड्यावर यायचं. तिथे बसून मी दर रविवारी तक्ता कार्यालयाला पाठवायचे.

साधारण महिन्याने काकांनी मला 'बाय' म्हणायला सुरुवात केली. कधीपासून ते आठवत नाही. एका पहाटे घरटं सापडलं आणि ते लांबून ओरडले, "बाय, गावला गो!" मी धावत सुटले. धावताना लक्षात आलं की मॅडम गेली. कोकणात मुलीला बाय म्हणतात हे मला माहीत होतं, पण हाक आपल्यासाठी असल्यावर शब्दाचं वजन वेगळंच लागतं.

बिनपगारी कामाबद्दल मला तेव्हा काही वाटत नव्हतं. उलट अभिमानच होता. या क्षेत्रात फुकट काम करण्याची परंपरा जुनी आहे आणि ती मोठ्या माणसांची आहे. सलीम अली बर्लिनहून पक्षिशास्त्र शिकून १९३० मध्ये परत आले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली. मग ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथे सुगरणींची घरटी बघत बसले. त्या रिकामपणातून सुगरणीच्या संसाराचा उलगडा झाला. पुढे संस्थानांच्या पक्ष्यांची पाहणी करायची तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, खर्च द्या, पगार नको. कासवांच्या बाबतीत सतीश भास्करांचं नाव घ्यावं लागतं. आयआयटी मद्रासचं शिक्षण अर्धवट टाकून हा माणूस भारताचे किनारे पायांनी मोजत फिरला. १९८२ च्या पावसाळ्यात लक्षद्वीपमधल्या सुहेलीच्या निर्मनुष्य बेटावर त्यांनी एकट्याने कित्येक महिने काढले. होडी यायची सोय नाही, म्हणून बायकोला लिहिलेलं पत्र बाटलीत घालून समुद्रात सोडलं. ती बाटली श्रीलंकेच्या किनाऱ्यावर एका कोळ्याला मिळाली आणि त्या भल्या माणसाने पत्र पोस्टाने पाठवून दिलं.

हे सगळं मी तिथे रात्री वाचायचे आणि स्वतःला त्याच रांगेत शेवटी कुठेतरी उभी करायचे. बाबा दर महिन्याला खात्यावर पैसे टाकत होते हे त्या रांगेत बसत नव्हतं, म्हणून ते मी बाजूला ठेवायचे.

काकांचा मुलगा तेव्हा बारावी होऊन घरी होता. काकांना ताप आला तेव्हा आठवडाभर तोच माझ्याबरोबर किनाऱ्यावर यायचा. बापाचा हात त्याच्याकडे आला होता. काठी टेकवायचा आणि थांबायचा. एकदा कुंपणाजवळ बसलो असताना त्याने विचारलं, "ताई, तुमाला शेवटी ते सर्टिफिकेट देणार ना? मला पन देतील काय? पोलीस भरतीला कायतरी लावता येईल." मी म्हटलं, का नाही देणार, विचारते. विहिरीच्या कठड्यावरून फोन लावला. पलीकडून उत्तर आलं ते अगदी सरळ होतं, त्यात दुष्टपणा काही नव्हता. इंटर्नसाठी पदवी लागते, संस्थेच्या फॉर्मवर अर्ज लागतो. शिवाय ते मानधनावर आहेत ना, त्यांना इंटर्न कसं म्हणणार?

म्हणजे मला पैसे मिळत नव्हते म्हणून कागद मिळणार होता, आणि त्यांना पैसे मिळत होते म्हणून कागद मिळणार नव्हता. ते पैसेही आंब्याच्या बागेत फवारणीला गेलं तर जी मजुरी पडते तिच्याहून कमीच. मी त्याला काय सांगितलं ते मला आता लिहायला लाज वाटते. म्हटलं, "बघू म्हणालेत."

मार्च उजाडला आणि पर्यटक आले. त्या दिवसांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण सगळ्यांनी त्याचे फोटो पाहिलेत. दोरी बांधलेली असते, दोरीच्या अलीकडे माणसं, पलीकडे वाळू, आणि वाळूवर खेळण्यातल्या किल्लीच्या कासवासारखी करडी पिल्लं. ती पाण्यापासून थोडी लांब सोडतात, म्हणजे तेवढं अंतर त्यांना चालू द्यायचं. हजारात एखादंच मोठं होतं असं आम्ही माइकवर सांगायचो आणि लोक 'अरेरे' म्हणायचे. ज्या दिवशी एकही टोपली भरलेली नसायची त्या दिवशी मुंबईचे काका लोक चिडायचे. "आम्ही सहा तास गाडी चालवून आलोय, दोन तरी काढा की." काढा म्हणजे काय, हे त्यांना काका फार शांतपणे समजावून सांगायचे. मी असते तर भांडले असते. मी होतेच, आणि एकदा भांडलेही.

त्याच धांदलीत एकशे अकराचं घरटं फुटलं. चौपन्नाव्या दिवशी. दोन सकाळी मिळून पंच्याऐंशी पिल्लं आली. मग नेहमीप्रमाणे आम्ही घरटं उकरलं. न उबलेली, खराब झालेली अंडी मोजली, सव्वीस. पंच्याऐंशी आणि सव्वीस. मी हे आकडे तक्त्यात भरले आणि शेवटचा चौकोन लाल झाला. अंडी पुरली होती ११९, हिशेब लागत होता १११. आठ कमी.

टरफलं मोजताना थोडं इकडेतिकडे होतंच, पण आठ म्हणजे जास्त. मी त्या रात्री फार विचार केला नाही. झोप येत होती, दुसऱ्या दिवशी साठ पर्यटक होते, तक्ता तसाच पाठवून दिला.

तीन दिवसांनी कार्यालयातून महिन्याला एकदा येणारे सर आले. चहा झाला, कुंपण बघून झालं. मग ते काकांना बाजूला घेऊन गेले. फार बाजूला नाही, मला ऐकू येत होतं. आवाजही चढवला नव्हता त्यांनी. "आठ अंडी कमी आहेत म्हणे. काय झालं?" काका म्हणाले, "कुटल्या घरट्यातली?" सरांनी नंबर सांगितला. काका काही बोलले नाहीत. सर म्हणाले, "नाही, म्हणजे कुत्रं वगैरे शिरलं असेल तर तसं सांगा. लिहून टाकू." काका तरीही गप्प. सर शेवटी म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे म्हणून तर तुम्हाला ठेवलंय ना."

या वाक्याला वरून काही म्हणता येत नाही. पण गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं काका आधी काय करायचे, सरांना माहीत होतं, आणि आपल्याबद्दल हे सगळ्यांना माहीत आहे हे काकांना माहीत होतं. इतकी वर्षं पहाटे चारला उठून जे पुसलं होतं ते एका वाक्याने परत ओलं झालं. मी तिथून दहा पावलांवर टोपल्या रचत होते. मी रचत राहिले.

रात्री वही काढली. माझी स्वतःची वही, वाळूने भरलेली, जिच्यात मी पहाटे पेन्सिलीने टिपण करत असे. त्या तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'काका १११, मी १११, जुळलं.' मग मोबाइलमध्ये पाटीचा फोटो शोधला. मी रोज संध्याकाळी तक्ता भरायचे तो वहीवरून नाही, या फोटोंवरून, कारण वही वाचायचा कंटाळा. फोटोत तीन एकडे. शेवटच्या एकड्याची शेपटी खडू ओला असल्यामुळे जरा वळली होती. मराठी एक आणि मराठी नऊ यांच्यात तेवढंच अंतर असतं, एका वळणाचं. मी तो नऊ वाचला आणि इंग्रजी अंकांत टाइप केला. 119. एकदा तो तसा टाइप झाला की त्यात शंकेला जागाच राहत नाही. खडूचा आकडा चुकू शकतो, असं सगळ्यांना वाटतं. तक्त्यातला आकडा चुकतो असं कुणालाच वाटत नाही.

मी स्वतः मोजली होती ती अंडी. आधी मी बोलले होते.

रात्रीच विहिरीवर जाऊन सरांना फोन केला. ते म्हणाले, "अच्छा, टायपिंग मिस्टेक. ठीक आहे, शीट दुरुस्त करून पाठव." मी म्हटलं, काकांना सांगाल का फोन करून? "हो, हो, सांगतो पुढच्या वेळी." पुढची वेळ एप्रिलमध्ये होती. मी मार्चअखेर निघणार होते.

दुसऱ्या पहाटे चालताना मी सांगितलं. कसं सांगावं याची रात्रभर तयारी केली होती, पण अंधारात ते सगळं एका दमात, उलटसुलट बाहेर पडलं. काका चालत राहिले. समुद्र त्या दिवशी आवाज करत नव्हता. बऱ्याच वेळाने म्हणाले, "अक्षर माजंच वाईट."

मी म्हटलं, नाही काका, चूक माझी आहे.

"नाय मॅडम," ते म्हणाले, "एक जरा वाकडाच काडतो मी."

मॅडम परत आली होती. ती पुढचे बारा दिवस, मी एसटीत बसेपर्यंत, गेली नाही. बाकी काही बदललं नाही. काकूंनी निघताना कुळथाचं पीठ आणि कोकमं बांधून दिली, मुलाने बॅग थांब्यापर्यंत आणली, काकांनी हात जोडले. मी वाकले तर दोन पावलं मागे सरले.

सर्टिफिकेट जूनमध्ये पोस्टाने आलं. जाड कागद, खाली सोनेरी कासव. त्यात लिहिलं होतं की मी घरट्यांच्या नोंदींचं काम 'अत्यंत अचूकपणे' पार पाडलं. हा मजकूर सगळ्यांना सारखाच असणार, मला कळतं. तो कागद मी पुढे दोन नोकऱ्यांच्या मुलाखतींना नेला आणि दोन्ही ठिकाणी त्याचा उपयोग झाला.

पुढच्या काळात कासवांच्या बातम्या आल्या की मी वाचायचे. २०२२ च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं आणि तिला प्रथमा असं नाव दिलं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर असं पहिल्यांदाच होत होतं. २०२५ च्या जानेवारीतली बातमी मात्र माझ्या मनात जास्त राहिली. गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पुढच्या पायाला धातूची छोटी पट्टी होती. पट्टीवर नंबर होता. शोध घेतल्यावर कळलं, ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावली होती. म्हणजे पूर्व किनाऱ्यावरची कासवं पश्चिमेकडेही अंडी घालायला येतात. लोकांना त्या मादीच्या प्रवासाचं कौतुक वाटलं, मलाही वाटलंच. पण मी विचार करत होते तो त्या दोन अनोळखी माणसांचा. एकाने ओडिशात, बहुधा रात्री, बहुधा झोप अनावर झालेली असताना, तो नंबर वहीत बरोबर उतरवला. दुसऱ्याने गुहागरला तो बरोबर वाचला. मधल्या चार वर्षांत कुणीतरी तो टाइप केला असेल, त्यानेही नऊला नऊ आणि एकाला एकच ठेवलं.

मी परत गेले ती प्रथमाच्याच वर्षी, मार्चमध्ये. आठ वर्षांनी. रस्ता चांगला झाला होता आणि विहिरीच्या कठड्यावर जायची गरज उरली नव्हती, नेटवर्क घरातच येत होतं. मुलगा पोलीस झाला नाही. त्याने घराला दोन खोल्या वाढवून पर्यटकांची सोय केली आहे, दारात पाटी आहे आणि पाटीवर कासव. त्याने मोबाइलवर प्रथमाची बातमी दाखवली. काकूंनी ओळखलं आणि आधी कडकडून रागावल्या, फोन का नाही केलास म्हणून. काका किनाऱ्यावर होते.

मी गेले तेव्हा ते कुंपणात नव्या पोरीला खड्डा दाखवत होते. मुंबईची असावी, केस वर बांधलेले, नाकावर ऊन लागलेलं, हातात वही. काकांचे केस पूर्ण पांढरे झाले होते. मला बघून उठले, हात झटकले.

"या मॅडम. कधी आलात?"

आम्ही बोललो. घरटी किती झाली, कोल्हा या वर्षी किती येतो, समुद्राने सुरूच्या बनातली दोन रांगा झाडं कशी नेली. त्या पोरीला मी माझी ओळख करून दिली नाही, त्यांनीही दिली नाही. बोलता बोलता माझं लक्ष पाट्यांकडे गेलं. ओळीने वीस-बावीस पाट्या होत्या. खडू गेला होता, आता ऑइलपेंट होता. प्रत्येक पाटीवर तारीख, वेळ आणि संख्या, आणि संख्येखाली आणखी एक ओळ, बँकेच्या चेकवर लिहितात तशी. ९७, अक्षरी सत्त्याण्णव. १२१, अक्षरी एकशे एकवीस. १०९, अक्षरी एकशे नऊ.

त्या पोरीने माझी नजर पकडली असावी. हसून म्हणाली, "काकांचा रूल आहे. अक्षरी लिहिल्याशिवाय ते पाटी रोवूच देत नाहीत. मी विचारलं का, तर सांगत नाहीत."

काका खाली वाकून बादलीतली वाळू सारखी करत होते.